मधल्या पट्टीतले सुभेदार

अक्कांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, ह्ये गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. कधी, कसं, ते मी विचारलं. सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, बाहेरच्या सोप्यात बसल्या बसल्या. मी "बरं" म्हटलं. असल्या बातमीला बरं म्हणू नये हे मला कळतं, पण तोंडातून तेच आलं. फोन ठेवला, उरलेली जुडी निवडून संपवली, हात धुतले आणि कचेरीतल्या साहेबांना रजेचा मेसेज केला.

सुभेदार मारुती भांदिगरे राजारामपुरीत आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मूळ गाव गारगोटीच्या पुढचं, डोंगराखालचं. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी कोल्हापुरात फ्लॅट घेतला. मुलगा शिकून बंगळुरूला गेला आणि खाली सुभेदार आणि त्यांची बायको, दोघंच राहिले. बायकोला सगळी इमारत अक्का म्हणायची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मी आणि माझे यजमान. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मी विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीला.

फौजी माणूस म्हटलं की मिशा आल्या असं आपण धरून चालतो. सुभेदारांना मिशा नव्हत्या. उंची बेताची, अंग वाळकं, आवाज मात्र गच्चीवरून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल असा. बोलताना ते बसायचे नाहीत. तुम्ही खुर्ची पुढे केलीत तर "असू दे" म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. चहासुद्धा उभ्यानं.

आणि मातीवर पाय ठेवायचे नाहीत. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. इमारतीच्या मागे अक्कांनी कढीपत्ता आणि गवती चहा लावला होता. सुभेदार फरशीच्या कडेपर्यंत जायचे आणि तिथून अक्कांना हाक मारायचे. मुलांचा चेंडू त्या वाफ्यात गेला तर मुलांनाही अडवायचे आणि काठीनं चेंडू ओढून काढायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "तिकडं आफ्रिकेत हुतो न्हवं का मी, युनोच्या सैन्यात. सगळ्या रानात सुरुंग. जिथं दुसऱ्याचा पाय पडल्याला दिसत न्हाय, तिथं आपला टाकायचा न्हाय. ती सवय ऱ्हायली." अक्का आतून म्हणाल्या, "गावाकडं सोताच्या रानात बी उतरत न्हाईत. पुतण्यानं नांगरायचं, ह्येनी बांधावरनं बघायचं." सुभेदारांनी ते नाकारलं नाही. हसलेही नाहीत.

ते काही वर्षं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाणी गळतंय, लाइट गेलीय, कचऱ्याची गाडी आली नाही, काही सांगायला गेलं की आधी जाऊन ते स्वतः बघून यायचे आणि म्हणायचे, "बघितलं. कळवलं." कुणाला कळवलं ते सांगायचे नाहीत. त्यावरून इमारतीत चेष्टा चालायची. पोरं एकमेकांना म्हणायची, काय रे, अभ्यास झाला का? बघितला, कळवला.

त्यांची आठवण काढायची तर पार्किंगचं भांडण सांगायलाच हवं. पहिल्या मजल्यावरचे सराफ आणि त्यांच्या समोरचे माने यांच्यात जिन्याखालच्या सावलीच्या जागेवरून वैर होतं. दोघांच्या गाड्या एकमेकींना घासायच्या आणि मग सकाळी सकाळी शिव्या. एका रविवारी सुभेदारांनी चुना आणला आणि जमिनीवर दोन रेघा मारल्या. अलीकडे सराफ, पलीकडे माने, आणि मधे दोन हात रुंदीची पट्टी मोकळी.

माने म्हणाले, "जागा आधीच कमी, त्यात ही रिकामी कशाला ठेवलीय?"

"रिकामी हाय म्हणूनच भांडण न्हाय," सुभेदार म्हणाले.

काही आठवडे खरंच शांततेत गेले. मग त्या पट्टीत सराफांची एक कुंडी आली. तिच्याशेजारी मान्यांच्या मुलीची सायकल आली. कुंडी फुटली. सराफ तणतणत खाली आले तेव्हा मी कचेरीतून परतत होते. सुभेदारांनी फुटलेली कुंडी पाहिली, सायकल पाहिली आणि म्हणाले, "बघितलं. कमिटीला कळवतो."

"अहो, कमिटी म्हणजे तुम्हीच की."

"मग कळलं."

सराफ पाय आपटत वर गेले. मी हसले, तसे सुभेदार माझ्याकडे वळले आणि जिन्यातच, कठड्याला हात टेकून, मला आफ्रिकेतल्या त्या दोन देशांची गोष्ट सांगितली. इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलले.

"ताई, तिथं बी असंच हुतं. इथिओपिया आन् इरिट्रिया. आधी एकच देश. सरहद्दीवर दोन्हीकडं भाषा एक, देव एक, खाणं एक. दोन्हीकडचं पुढारी एकाच डोंगरात शेजारी शेजारी लढल्यालं. मग येगळं झालं, आन् एका गावावरनं लढाई पेटली. गाव तरी काय, चार घरं आन् धुरळा. माणसं मेली त्याची गिनती न्हाय. मग युनोनं मधी पट्टी आखली. पट्टीत कुणाचंच सैन्य न्हाय, मधी आम्ही. बंदूक हुती, पन काम बघायचं आन् कळवायचं, तेवढंच."

"मग मिटलं?"

"कोर्टानं निकाल दिला. गाव इरिट्रियाचं. इथिओपियानं सोडलं न्हाय. मग इरिट्रिया चिडला, त्यो आमच्यावर. म्हणाला, निकाल माझ्या बाजूनं लागलाय, तरी गाव मिळत न्हाय, मग तुमी हितं बसून करताय काय? आधी हेलिकॉप्टर बंद केलं. मग डिझेल बंद केलं. गाड्या जागच्या जागी उभ्या."

"मग?"

"मग आलो की परत."

एवढं बोलून ते आत गेले.

अठरा साली गणपतीच्या दिवसांत ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन वर आले. चेहरा नेहमीसारखाच, पण कपाळाला गंध आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट. माझ्या यजमानांनी विचारलं, "मुलाचं लग्न ठरलं की काय?"

"न्हाय. बॉर्डर उघडली."

"कुठली, बेळगावची?"

कोल्हापुरात सीमा म्हटली की एकच. सुभेदार म्हणाले, "न्हवं. आमची." पेपरच्या आतल्या पानावर छोटी बातमी होती. दोन्ही देशांच्या नेत्यांनी तह केला, वीस वर्षं बंद असलेला रस्ता खुला झाला. त्यांनी कुणाकडून तरी फोनवर एक व्हिडिओ मिळवला होता. त्यात माणसं चौकीच्या दोन्ही बाजूंनी पळत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होती, म्हाताऱ्या बायका जमिनीला हात लावून कपाळाला लावत होत्या. सुभेदार तो व्हिडिओ आम्हाला दाखवताना माणसांकडे बघतच नव्हते. मागच्या टेकडीवर बोट ठेवून म्हणाले, "हितं आमची पोस्ट." यजमानांनी दोन पेढे खाल्ले. सुभेदार गेल्यावर म्हणाले, माणूस साधा आहे गं, कुणाच्या भांडणाचे पेढे वाटतोय बघ.

हाफ्तोम आला तो त्याच्या पुढच्या वर्षी. सुभेदारांच्या फ्लॅटला मागच्या बाजूनं वेगळं दार असलेली एक खोली होती, ती ते विद्यार्थ्यांना द्यायचे. एक एजंट त्याला घेऊन आला. वय तिशीच्या पुढचं, उंच, खांद्याला बॅग. तिकडच्या विद्यापीठात माती हा विषय शिकवायचा आणि इथं पीएच.डी. करायला आला होता. चार ठिकाणी त्याला खोली आहे म्हणून बोलावलं होतं आणि चेहरा बघून नाही म्हटलं होतं. मी तेव्हा अक्कांकडे विरजण मागायला गेले होते.

सुभेदार त्यांच्या फौजी हिंदीत बोलत होते. "कुठला?"

"इथिओपिया."

"ते कळलं. कुठल्या अंगाचा?"

"उत्तरेचा. तिग्राय."

"अदिग्रातच्या अलीकडं का पलीकडं?"

हाफ्तोमनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. पलीकडे, म्हणाला, अगदी सरहद्दीला लागून. सुभेदार म्हणाले, "कमेय अलेका." म्हणजे कसा आहेस, हे मला मागाहून कळलं. हाफ्तोमनं त्याच्या भाषेत लांबलचक काहीतरी उत्तर दिलं. सुभेदारांनी हात वर केला. "एवढंच येतंय मला."

अक्कांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आवं, पन ह्यो खाणार काय?"

तो प्रश्न सुटायला महिना गेला. हाफ्तोम सांगायचा, आमच्याकडे ताटाएवढी मोठी, मऊ, आंबट, जाळी पडलेली भाकर असते. अक्का म्हणाल्या, "म्हंजी आंबोळीच की." गावाकडून नाचणी आली, ती भिजवली, वाटली, दिवस दिवस आंबवली. साऱ्या जिन्यात आंबूस वास. पहिल्या आंबोळ्यांचे तुकडे झाले. मग एक अख्खी उतरली. हाफ्तोमनं ती खाल्ली आणि म्हणाला, "जवळ आलंय." अक्का ते वाक्य आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या. तोही त्यांच्या तव्यावर हिरवी कॉफी भाजायचा आणि जिन्यात धूर झाला की वर हाक मारायचा, "ताई, या की." तो 'की' त्यानं सगळ्यात आधी उचलला होता.

उघडलेल्या सरहद्दीचं सुभेदारांनी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं. हाफ्तोम म्हणाला, हो, उघडली होती. माझी मावशी पलीकडे असते. मी लहान असताना ती आईला शेवटची भेटली होती. ती चालत आली, आमच्याकडे राहिली, दोघी बहिणी रात्रंदिवस बोलत होत्या. मग काही महिन्यांत पुन्हा बंद झाली.

"कुणी बंद केली?"

"कुणी सांगितलं नाही. लोक गेले तर फाटक बंद."

"काय कागद, हुकूम बिकूम?"

"फाटक उघडतानाही कागद नव्हता. दोन नेत्यांनी मिठी मारली, ती टीव्हीवर दाखवली. तेवढंच."

सुभेदार खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिले. "मग मिठी तरी कशापायी मारली?"

"माझे वडील म्हणतात, त्या दोघांनाही आम्ही तिग्रायवाले नको आहोत. म्हणून ते मित्र झाले."

"वडील काय करत्यात?"

"शाळेत मास्तर होते. आता मधमाश्या पाळतात."

मला हे संभाषण आठवतं कारण त्यानंतर सुभेदार हाफ्तोमला रोज वडिलांबद्दल विचारायचे. राजकारणाबद्दल नाही. मध निघाला का, पाऊस झाला का, असं.

वीस सालच्या दिवाळीच्या तोंडावर तिकडे लढाई सुरू झाली. इथिओपियाचं सैन्य दक्षिणेकडून तिग्रायमध्ये शिरलं आणि पहिल्याच दिवशी सगळे फोन बंद झाले. आपल्याकडे तेव्हा करोना. पेपरात आकडे, अँब्युलन्स, बेड. त्यात आफ्रिकेतल्या लढाईला कोण विचारतो. हाफ्तोम सकाळी उठला की फोन लावायचा, प्रयोगशाळेत जायच्या आधी लावायचा, आल्यावर लावायचा. समोरून एक बाई काहीतरी बोलायची आणि फोन तुटायचा. ती बाई काय म्हणते, असं अक्कांनी विचारलं. तो म्हणाला, "नंतर प्रयत्न करा, म्हणते."

सुभेदारांनी पुण्याला त्यांच्या जुन्या कर्नलसाहेबांना फोन लावला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळे ऐकत होतो. कर्नलसाहेब चांगलं बोलले. म्हणाले, "मारुती, तिथं आता आपलं कोण आहे? कुणाला विचारू मी?" सुभेदार म्हणाले, "जी साब." त्या दिवसापासून संध्याकाळी हाफ्तोमच्या दाराबाहेर ते प्लास्टिकची खुर्ची ठेवायचे आणि तिच्या पाठीमागे उभे राहायचे. तोंडाला मास्क. हाफ्तोम आत फोन लावतोय, हे बाहेर उभे.

पुढच्या उन्हाळ्यात माझे यजमान करोनानं गेले. मलाही ताप होता, मी घरातच होते. सरकारी दवाखान्यातून फोन आला. मुलीला येता आलं नाही. दवाखान्यातले कागद, गाडी, पुढचं सगळं सुभेदार आणि हाफ्तोमनं केलं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे दिवस होते ते, कुणी हाक मारली तरी लांबून आल्यासारखी वाटायची.

एक दुपार तेवढी आठवते. हाफ्तोमनं माझ्या उंबऱ्यावर कॉफीची वाटी ठेवली आणि स्वतः चार पायऱ्या खाली जाऊन बसला. मी दारात बसले. कॉफी कडू होती. बऱ्याच वेळानं तो मराठीत म्हणाला, "ताई, तुमाला कळलं तरी."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मला लागलं असतं. त्याचं लागलं नाही. मी हिशोब केल्यासारखं मनात ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलं, ते बरोबर होतं. मी वाटी धुऊन परत दिली.

त्याला कळलं श्रावणात. त्याचा एक चुलतभाऊ लढाईच्या सुरुवातीलाच पळून सुदानमधल्या निर्वासितांच्या छावणीत पोहोचला होता, पण हाफ्तोमचा नंबर मिळवायला त्याला एवढे महिने लागले. मी तेव्हा अक्कांच्या स्वयंपाकघरात होते. हाफ्तोम बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "वडील नाहीत. त्यांना मारलं. गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना बाहेर काढून मारलं. आई आणि बहीण डोंगरात गेल्या, पुढचं माहीत नाही."

"कधी?" सुभेदारांनी विचारलं.

"पहिल्याच महिन्यात."

म्हणजे आम्ही दिवाळीचा फराळ करत होतो तेव्हा. इतके महिने तो ज्यांना फोन लावत होता ते त्या वेळी नव्हतेच.

"फौज कुठली?"

"पलीकडची. इरिट्रियाची. दोघं मिळून आले. हे दक्षिणेकडून, ते उत्तरेकडून."

"उत्तरेकडनं कुठल्या रस्त्यानं?"

हाफ्तोमनं नाव सांगितलं. सुभेदार म्हणाले, "वरच्या वळणावरनं? पाण्याची टाकी हाय तिथनं?" हाफ्तोम हो म्हणाला.

सुभेदार खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत बोलता बोलता बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "तिथं मी हुतो," ते म्हणाले. "त्या वळणावर."

अक्कांनी गॅस बंद केला. कुणी रडलं नाही. हाफ्तोमनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, मातीचे नमुने भट्टीत ठेवलेत, काढले नाहीत तर जळतील. आणि तो गेला. आम्ही त्याला थांबवलं नाही. आज वाटतं थांबवायला हवं होतं, पण थांबवून काय करायचं होतं तेही कळत नाही.

त्यानंतर एकदा सकाळी सुभेदार जिन्याच्या पायऱ्या धूत होते. मी उतरले तशी त्यांनी बादली बाजूला घेतली आणि आपणहून म्हणाले, "आमी निघालो तवा एक म्हातारी आलती. रोज पोस्टपाशी बसून भाजल्यालं जव इकायची. गाड्या भरताना बघून इचारलं तिनं. दुभाष्यानं सांगितलं, म्हणती, तुमी चालला, मग आता मधी कोण?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"ऑर्डर हाय, म्हणालो. दुभाष्यानं ते सांगितलं काय न्हाय, ठावं न्हाय." त्यांनी उरलेलं पाणी पायऱ्यांवर ओतलं. "आमी ऱ्हायलो असतो तरी काय झालं असतं, ताई? मूठभर मानसं आमी. डिझेल न्हाय. काय बी झालं न्हसतं."

त्यांना उत्तर नको होतं.

त्या महिन्यात त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. जिन्याखालच्या चुन्याच्या रेघा पुसट होत गेल्या आणि सराफ-माने पुन्हा भांडायला लागले. सुभेदार शेजारून जायचे, थांबायचे नाहीत. पेपर घेणंही त्यांनी बंद केलं.

हाफ्तोमचा व्हिसा संपत आला तेव्हा मात्र ते त्याच्याबरोबर पोलिसांच्या कचेरीत गेले. मीही गेले, मला इंग्रजी अर्ज लिहिता येतो म्हणून. टेबलावरचा माणूस भला होता. तो म्हणाला, "साहेब, हा ज्या देशाचा आहे, त्या सरकारचं एक पत्र लागेल."

सुभेदार म्हणाले, "त्या सरकारनंच शेजाऱ्याला घरात घेतलं न्हवं का, ह्येच्या घरात."

त्या माणसाला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिकडे लढाई चालू आहे, पत्र मिळणार नाही. मग विद्यापीठातल्या त्याच्या मार्गदर्शकांचं पत्र चाललं. मुदत वाढली. बाहेर आल्यावर सुभेदारांनी तिघांसाठी उसाचा रस सांगितला. आम्ही तो उभ्यानं प्यायलो.

बावीसच्या दिवाळीनंतर तिकडे करार झाला आणि हळूहळू फोन सुरू झाले. एका संध्याकाळी अक्कांनी मला खालून हाक मारली. हाफ्तोमच्या खोलीचं दार उघडं होतं. तो पलंगावर बसून फोनवर बोलत होता आणि पलीकडून एका बाईचा आवाज येत होता, बारीक, न थांबणारा. आई होती. बहीणही होती तिच्यापाशी. दोघी मेकेले शहरात एका शाळेत राहत होत्या, वर्गात, बऱ्याच कुटुंबांबरोबर. अक्कांनी देवापुढे दिवा लावला.

फोन झाल्यावर सुभेदारांनी विचारलं, "घरी कवा जाणार त्या?"

"घर आहे," हाफ्तोम म्हणाला. "पण त्यात पलीकडचे सैनिक राहतात."

"करार झाला न्हवं?"

"करार इथिओपियाच्या सरकारचा आणि आमचा. इरिट्रिया त्यात नाही."

"त्यो करारात न्हाय, मग त्यो जाणार कसा?"

हाफ्तोमनं खांदे उडवले. त्याच्या आवाजात राग नव्हता. आईचा आवाज ऐकल्यावर त्याला काहीतरी वाटेल अशी आमची अपेक्षा असावी. त्यालाही असावी. तो म्हणाला, "अक्का, भूक लागलीय," आणि जेवायला बसला.

पुढच्या वर्षी त्याची पीएच.डी. झाली. तिकडे जाऊ नको, इथंच काहीतरी बघ, असं विद्यापीठातले लोक म्हणत होते. तो म्हणाला, आई शाळेच्या वर्गात राहते, मी कुठं राहू? अक्कांनी नाचणीचं पीठ बांधून दिलं. कोल्हापूर स्टेशनवर आम्ही तिघं गेलो होतो. सुभेदारांनी बॅग डब्यात चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. "आईला सांग," ते म्हणाले आणि थांबले. हाफ्तोम वाट बघत होता. फलाटावर भेळवाला ओरडत होता. सुभेदारांना पुढचं सापडेना. "गाडी सुटती आता," ते शेवटी म्हणाले. हाफ्तोम म्हणाला, "व्हय."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी फ्लॅट भाड्यानं दिला आणि दोघं गावी राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला. अक्कांनी फोन करून करून बोलावलं होतं. घरात पाहुण्यांची गर्दी, मागच्या परड्यात मटणाच्या चुली, सोप्यात पंगतीवर पंगती. सुभेदार नव्या पांढऱ्या सदऱ्यात होते. वाढणाऱ्या पुतण्यांना बारीक आवाजात सूचना देत होते. आवाज बराच बसला होता. माझ्या ताटात त्यांनी स्वतः पांढरा रस्सा वाढला. हाफ्तोमचा फोन येतो का, असं मी विचारलं. "येतोय. शिकवायला लागलाय परत," म्हणाले. त्याच्या घराचं मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीला ते मला सोडायला आले. स्टँड म्हणजे रस्त्याकडेचं एक पत्र्याचं शेड. आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. बाजूनं ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याची लाल धूळ बराच वेळ खाली बसेना.

"ताई, एक इचारू?"

"विचारा की."

"साहेब गेल्यावर तुमास्नी रडू आलं काय?"

मी आठवून पाहिलं. दवाखान्याचा फोन, वर्षश्राद्ध, त्यांची गाडी विकली तो दिवस. "नाही," मी म्हटलं. "अजून तरी नाही."

"मला बी न्हाय," सुभेदार म्हणाले. कशाबद्दल ते सांगितलं नाही. "मला वाटायचं, माझंच काय तरी बिघडलंय."

"अक्कांना सांगितलंत कधी?"

"ती रडती की. तिला येतंय." मग म्हणाले, "बरं वाटतंय मला, ती रडती तवा. घरात कुणी तरी रडतंय."

एसटी आली. त्यांनी हात केला, ती जरा पुढे जाऊन थांबली. अक्कांनी दिलेली तांदळाची पिशवी त्यांनी वर चढवून सीटखाली सरकवली आणि खाली उतरले. कंडक्टर मागच्या बाकावर तिकिटं फाडत होता, त्यामुळे गाडी लगेच सुटली नाही. सुभेदार माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. त्यांनी गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि उगाच एकदा वरून खाली फिरवला. मग डबल बेल झाली.

गाडी हलली तेव्हा मी वळून पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला होते. पत्र्यावरच्या धुळीनं तळहात लाल झाला होता. अंगात नवा सदरा, त्यामुळे तो कुठं पुसावा ते त्यांना कळत नव्हतं. हात तसाच जरा पुढे धरून ते उभे होते.